औषध म्हणावें कीं विष?

(कपाशीच्या फवारणीच्या तोंडावर शेतकरी व मजूर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या रोजच्या बोलण्यांतल्या एका शब्दाविरुद्ध तक्रार घेऊन आज आम्ही उभे आहों. तो शब्द म्हणजे ‘औषध’. लेंकरूं तापानें फणफणलें कीं आपण त्याला औषध पाजतों. कपाशीवर मावा, तुडतुडे पडले कीं आपण तिच्यावर औषध मारतों. आणि कोणी कर्जाला किंवा घरच्या कटकटीला कंटाळून गेला, कीं दुसरे दिवशीं पारावर बसलेलीं माणसें आवाज खालीं आणून सांगतात, “अमका औषध प्याला.” तिन्ही ठिकाणीं शब्द एकच! ज्यानें लेंकरूं वांचतें तेंही औषध, आणि ज्यानें त्याचा बाप मरतो तेंही औषधच. हा शब्द आपल्या तोंडीं प्रथम कोणीं घातला हें शोधीत बसण्यांत अर्थ नाहीं. पण त्यानें फायदा कोणाचा होतो हें उघड आहे. विष म्हणून जी बाटली घरांत घेतांना माणूस दहा वेळां विचार करील, तीच औषध म्हणून तो तिखटमिठाच्या फळीवर ठेवून देतो.

विषें पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकाची हकीगत आज पुरी सांगतों. त्याचें नांव मोनोक्रोटोफॉस. एवढें लांब नांव कोण घेतो? दुकानांत आणि शेतांत त्याला नुसतें ‘मोनो’ म्हणतात, जसें घरच्या पोराला लाडानें हांक मारावी तसें.

आमची आणि त्याची ओळख शाळेंतच झाली. कांहीं वर्षांपूर्वीं चौथींतला एक मुलगा पिण्याचें पाणी एका बाटलींत घेऊन आला. बाटली चांगली जाड, झाकण घट्ट. वरचा कागद निम्मा खरवडून निघाला होता, पण लाल त्रिकोणाचा एक कोपरा शिल्लक होता. आम्हीं ती हातांतून ओढून घेतली, तेव्हां पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, “आईनें राखेनें तीन डाव घासली हाय जी, गुरुजी.” संध्याकाळीं त्याच्या घरीं गेलों. आई म्हणाली, “एवढी चांगली बाटली फेकून कशी द्यायची?” तिला चार गोष्टी सुनावून आम्ही मोठ्या तोऱ्यांत घरीं आलों. आणि घरीं येऊन पाहतों तों आमच्याच पडवींत भेंडी-चवळीचें बियाणें ज्या पत्र्याच्या डब्यांत ठेवलें होतें, त्यावर तसाच त्रिकोण! त्या बाईला लिहितां-वाचतां येत नव्हतें. आम्ही तर अध्यापक विद्यालयाचा दाखला भिंतीवर लावून बसलेलों. सांगा, दोष कोणाचा मोठा?

ही गोष्ट आम्ही विसरूनही गेलों असतों. परंतु १६ जुलै २०१३ रोजीं बिहारमध्यें सारण जिल्ह्यांत गंडामन गांवच्या प्राथमिक शाळेंत जें घडलें, त्यानें पुष्कळ दिवस आम्हांला झोंप आली नाहीं. दुपारच्या जेवणांत मुलांना भात व सोयाबीन-बटाट्याची भाजी वाढली. खातां खातां मुलांच्या पोटांत कळा उठल्या, ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि तेवीस मुलें मेलीं. ज्या तेलांत भाजी केली त्यांत मोनोक्रोटोफॉस निघालें. ज्या भांड्यांत पूर्वीं विष होतें त्यांतच तेल भरलें होतें. २०१६ सालीं न्यायालयानें तेथील मुख्याध्यापिकेला शिक्षा ठोठावली, ती योग्यच झाली. पण मंडळी, शिक्षा वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें आमच्या पडवींतला डबा येत होता.

आतां हें विष अंगांत करतें काय, तें सांगितलें पाहिजे. ज्या कुळांतलें हें आहे त्याला पुस्तकांत ‘सेंद्रिय फॉस्फरसयुक्त’ म्हणतात. सेंद्रिय शब्द ऐकून कोणी फसूं नये. शेणखताशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. या कुळाचा मूळपुरुष जर्मनींतला. तेथें १९३६ सालीं श्राडर नांवाचा रसायनशास्त्रज्ञ किडे मारण्याचें द्रव्य शोधीत होता. त्याच्या हातीं ताबून नांवाचें असें जहाल द्रव्य लागलें, कीं लष्करानें तें माणसें मारण्यासाठीं उचललें. पिकावर मारण्याचें पॅराथिऑन हें त्याच शास्त्रज्ञाच्या पुढच्या खटपटींतून निघालें. म्हणजे लढाईचा विषारी वायु आणि आपल्या पाठीवरच्या पंपांतलें पाणी हे चुलतभाऊ आहेत.

आपल्या अंगांत मज्जातंतु स्नायूंना हुकूम पोंचवितात. तो एका रसानें पोंचतो. हुकूम पोंचला कीं दुसरा एक पदार्थ तो रस लगेच पुसून टाकतो. शाळेच्या पाटीसारखेंच हें आहे: लिहिलें, पुसलें, तरच पुढचें लिहितां येतें. हें विष त्या पुसणाऱ्याचाच हात धरून ठेवतें. मग हुकमावर हुकूम सांचत जातात. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी वाहतें, अंग घामानें भिजतें, डोळ्यांतली बाहुली टांचणीच्या टोंकाएवढी बारीक होते, पोटांत कळा येतात, जुलाब होतात, स्नायू आपोआप फुरफुरतात, छातींत पाणी दाटतें आणि शेवटीं श्वास चालविणारे स्नायूच थकून बसतात. किड्याला जो मार्ग, तोच माणसाला. आणि विष तोंडानेंच गेलें पाहिजे असेंही नाहीं. कातडींतून जातें, श्वासांतून जातें, विषाच्या हातानें चोळलेल्या खर्ऱ्यांतून आणि ओढलेल्या विडींतूनही जातें.

पांखरांची गोष्ट सांगतों. अर्जेंटिनांत टोळ मारण्यासाठीं मोनो फवारलें. टोळ खाणारे ससाणे उत्तर अमेरिकेंतून हिंवाळ्यांत तेथें उतरतात. १९९५-९६ च्या हंगामांत ते हजारोंनीं झाडाखालीं मरून पडले. शेतकऱ्याचे टोळ जो फुकट खात होता, तोच आधीं मेला!

सरकारनें कांहीं केलें नाहीं काय? केलें. आपल्या देशांत कायदा आला तोही माणसें मेल्यावरच आला. १९५८ सालीं केरळांत परदेशांतून आलेल्या गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभरावर माणसें मेलीं. जहाजांत पिठाच्या जोडीला पॅराथिऑन भरलें होतें, तें गळलें आणि पिठांत मुरलें. चौकशी बसली, आणि दहा वर्षांनीं १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. नियम व्हावयाला १९७१ साल उजाडलें. कायदा वाचला तर डोळे निवतात. केंद्राच्या दप्तरीं नोंद झाल्यावांचून कोणतेंही कीटकनाशक विकतां येत नाहीं. दुकानदाराला परवाना लागतो. बाटलीवर विषाच्या तीव्रतेप्रमाणें त्रिकोण लागतो: सर्वांत जहाल विषाला लाल, त्याखालीं पिवळा, मग निळा, मग हिरवा. मोनोला लाल. सोबत त्या त्या प्रांताच्या भाषेंतही माहितीपत्रक असावें लागतें. फवारणाऱ्याला हातमोजे, तोंडाला आच्छादन, बूट, डोळ्यांना चष्मा, सर्व लिहून ठेवलें आहे. रिकामी बाटली फोडून वस्तीपासून दूर पुरावी, हेंही लिहिलें आहे.

लिहिलें आहे खरें, पण कोणासाठीं? एकदां एक म्हातारे शेतकरी बाटलीबरोबरचा कागद घेऊन आमच्याकडे आले. “मास्तर, हें वाचून द्या जी.” हातभर कागदाच्या घड्या, आणि अक्षरें मुंगीच्या पायाएवढीं. चष्मा पुसला, उजेडांत गेलों, तरी निम्मे शब्द आम्हांला लागेनात. पूर्वीं भिक्षुक जें पुटपुटे तें यजमानाला कळत नसे, आणि दक्षिणा मात्र मोजून द्यावी लागे. आज मंत्र छापून येतो एवढाच फरक! आणि उद्यां कोणी मेला तर “सूचना दिली होती, त्यानें पाळली नाहीं” असें म्हणावयाला तो कागद कंपनीच्या उपयोगीं पडतो. ज्याच्या जिवासाठीं कागद छापला त्याला तो वाचतां येत नाहीं, आणि ज्याला वाचतां येतो त्याच्या पाठीवर पंप नाहीं.

बरें, पंप कोणाच्या पाठीवर असतो? बाटली विकत घेतो शेताचा मालक. उधारीवर घेतो, म्हणून दुकानदार देईल ती घेतो. सोबत “ही दुसरी मिसळा, लवकर गुण येईल” हा सल्लाही घेतो. फवारणारा मात्र बहुधा मजूर. त्याला मजुरी पंपामागें. जितके पंप जास्त तितके पैसे जास्त, म्हणून तो वारा पाहत नाहीं, ऊन पाहत नाहीं. त्याच्या हातीं बाटली येत नाहीं, कागद येत नाहीं; तयार पाणी येतें. पाणी वाहून आणणारी, कालवणारी, संध्याकाळीं ते कपडे घरच्या कपड्यांत धुणारी त्याची बायको, तिचें तर नांवही कोठें नाहीं. आश्विनाच्या उन्हांत रबरी मोजे चढवून कोण चालतो, असें विचारणाऱ्या साहेबांनीं एक दिवस आमच्याबरोबर तासभर पंप वाहून पाहावा.

२०१७ सालच्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत जें झालें तें तुम्हांला आमच्यापेक्षां जास्त माहीत आहे. त्या वर्षीं कपाशी डोक्याच्या वर गेली होती. फवारा पानांवर कमी आणि तोंडावर जास्त येत होता. फवारणी करतां करतां वीसाच्या वर माणसें दगावलीं, शेंकडों दवाखान्यांत पडलीं, कित्येकांची दृष्टि कांहीं दिवस अंधुक झाली. हें सारें एकट्या मोनोनें केलें असें म्हणणें खरें होणार नाहीं. मिश्रणें पुष्कळ होतीं. परंतु पश्चिम विदर्भाच्या पांच जिल्ह्यांत ज्या पांच कीटकनाशकांची विक्री राज्य सरकारनें बंद केली, त्यांत मोनो होतें. ती बंदी किती दिवसांची? साठ दिवसांची. आणि केव्हां आली? नोव्हेंबरांत, फवारणीचा भर ओसरल्यावर. वरातीमागून घोडें म्हणतात तें हेंच.

साठ दिवसच कां, असें तुम्ही विचाराल. हा आकडा ध्यानांत ठेवा. १९६८ च्या कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणें राज्य सरकार साठ दिवस विक्री थांबवूं शकतें. चौकशी अपुरी राहिली तर आणखी तीस दिवस. त्यापुढें अधिकार दिल्लीचा. म्हणजे ज्या राज्यांत माणूस मरतो त्याच्या हातीं नव्वद दिवसांची दोरी, आणि विष कायमचें बंद करण्याची किल्ली दूर. आणखी एक गोम अशी, कीं विषबाधा झालेल्या मजुराला किंवा त्याच्या विधवेला भरपाई मिळावी अशी तरतूद त्या कायद्यांत नाहीं. मदत मिळाली तर ती सरकारच्या मर्जीची, हक्काची नव्हे.

दिल्लीनें मोनोबद्दल काय केलें तेंही सांगतों. २००५ सालीं भाजीपाल्यावर त्याचा वापर बंद केला. कां? तर हें विष आंतरप्रवाही आहे. पानावर पडलें कीं झाडाच्या रसांत भिनतें, आणि वरून धुतलेली भाजी आंतून धुतली जात नाहीं. निर्णय चांगला. पण बाटली दुकानांतच राहिली, कारण कपाशीला तिची मोकळीक होती. कपाशीच्या ओळींत चवळी आणि बांधावर वांगीं असलेल्या आपल्या शेतांत विषाला बांध कसा दिसावा? २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील मोनोच्या वापरावर स्वतंत्र अहवाल काढला. अमेरिकेंत तर तें १९८८ सालींच बाजारांतून गेलें होतें. आपल्याकडे छत्तीस टक्क्यांच्या द्रावणाला, म्हणजे आपण ओळखतों त्या बाटलीला, मनाई झाली ती २०२३ सालीं. तीही असलेला साठा खपविण्याची सवलत ठेवून. साठा दुकानदाराचा वांचावा याची काळजी घेतली गेली, हें पाहून आम्हांला शेटजींच्या भाग्याचा हेवा वाटला.

“पण गुरुजी, बाटली बंद केली तर पीक कसें वांचेल? तुमचा पगार महिन्याला येतो,” असें आमचे तात्या मघांशीं मागच्या रांगेंतून म्हणाले. बोलणें टोंचणारें आहे, पण रास्त आहे. त्याला उत्तर आम्ही श्रीलंकेचें देतों. तेथें १९९५ पर्यंत मोनो व त्याच्या तोडीचीं अतिजहाल विषें सरकारनें देशांत येऊं देण्याचें थांबविलें. त्यापुढच्या वर्षांत तेथें आत्महत्यांनीं मरणाऱ्यांचें प्रमाण निम्म्याहूनही खालीं आलें, आणि भाताचें पीक त्यामुळें घटलें नाहीं. हें जरा थांबून ऐका. तेथल्या लोकांचें दुःख एकाएकीं नाहींसें झालें काय? नाहीं. पण रागाच्या, निराशेच्या एका घटकेंत हाताशीं जी बाटली होती ती तितकी जहाल राहिली नाहीं, आणि ती घटका टळून गेली. ज्यांच्या घरीं असा प्रसंग झाला आहे त्यांनीं स्वतःला दोष देत बसूं नये. आणि ज्यांच्या घरीं कोणी गप्प गप्प राहूं लागला असेल, त्यांनीं आजच बाटली घराबाहेर काढावी आणि त्या माणसापाशीं जाऊन बसावें.

फवारणीच करूं नका असें आम्ही म्हणत नाहीं. बोंडअळी भाषणानें मरत नाहीं. पण कामगंध सापळे लावून पतंग मोजणें, सुरुवातीला पांच टक्के निंबोळी अर्क वापरणें, डिसेंबरानंतर फरदड न ठेवतां पऱ्हाटी उपटणें, हीं कामें स्वस्त आहेत, आणि त्यांनीं दोन-तीन पंप खचित वांचतात. मोनो गेलें म्हणून निर्धास्तही होऊं नये. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस हीं त्याच कुळांतलीं आहेत. तींही त्याच पुसणाऱ्याचा हात धरतात.

आतां कामाचें बोलतों. आयाबहिणींनीं हें विशेष ऐकावें, कारण वेळ येते तेव्हां घरांत त्याच असतात. फवारणीहून आलेल्याला मळमळ, लाळ, घाम, अंधुक दिसणें, छाती भरणें यांतलें कांहीं झालें, तर ‘ऊन लागलें’ म्हणून निजवूं नये. आधीं अंगावरचे सगळे कपडे काढावे. साबण आणि भरपूर पाण्यानें अंग, केंस, नखांच्या खालचा भाग धुवावा. धुणाऱ्यानें आपल्या हातांत मोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी घालावी, नाहींतर एकाचे दोन होतात. मिठाचें पाणी पाजून ओकारी काढूं नये. शुद्ध हरपत असेल तर ओकारी श्वासाच्या नळींत जाते. दूध, तूप, ताक कांहीं पाजूं नये. डाव्या कुशीवर निजवून थेट सरकारी दवाखान्यांत न्यावें. देवऋष्याच्या दारांत घालविलेला अर्धा तास पुन्हां मिळत नाहीं. आणि सोबत बाटली न्यावी, किंवा निदान तिच्यावरचा कागद. डॉक्टरांजवळ ॲट्रोपीन नांवाचें खरें औषध आहे. विष कोणतें हें कळलें तर तें वेळेवर मिळतें. दुसऱ्या दिवशीं बरें वाटलें म्हणून पळून येऊं नये. एक ते चार दिवसांच्या आंत मान उचलेनाशी होऊन श्वास पुन्हां अडकतो, असें या विषाचें कपट आहे. आणि बरा झालेला माणूस कांहीं आठवडे पंपाला लावूं नये, कारण तो पुसणारा पदार्थ अंगांत फार हळू भरून येतो.

दुकानांतून बाटली घेतांना पक्की पावती मागावी. तिच्यावर नांव व बॅच क्रमांक पाहिजे. उधारी आहे म्हणून पावती नाहीं, असें सांगणाऱ्याला सांगा कीं व्याज घेतां तेव्हां वही बरोबर सांपडते. मालक मंडळींना हात जोडून विनंती आहे: बाटली मजुराला दाखवा, आणि मोज्यांचा व चष्म्याचा खर्च बाटलीच्या किंमतींतच धरा. आणि ग्रामपंचायतीनें एक वही ठेवावी; फवारणीनें आजारी पडलेल्या प्रत्येकाची तारीख, विषाचें नांव व दवाखाना त्यांत लिहावा. २०१७ सालीं गांवोगांव अशा वह्या असत्या तर पहिल्या पंधरवड्यांतच आरडाओरड झाली असती, नोव्हेंबर उजाडला नसता.

शाळेकडून आम्ही एवढें करतों. चारी त्रिकोण त्यांच्या त्यांच्या रंगांत शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर रंगविले आहेत. ज्याला अक्षर येत नाहीं त्याला रंग येतो. दर शनिवारीं शाळा सुटल्यावर ज्याला माहितीपत्रक वाचून पाहिजे असेल त्यानें यावें. आम्हीं मोठें भिंग आणून ठेवलें आहे. बाटली मात्र आणूं नये, कागद आणावा. आणि मुलांना आम्ही वर्गांत ‘औषध मारणें’ म्हणूं देत नाहीं, ‘विष फवारणें’ म्हणावयाला लावतों. पहिल्या दिवशीं तीं हंसलीं. आतां त्यांतलीं कांहीं घरीं बापाला टोकतात, असें ऐकतों.

येत्या शनिवारीं सकाळीं पंचायतीच्या आवारांत घरोघरच्या रिकाम्या बाटल्या व डबे जमा करावयाचे आहेत. मोठ्या माणसांनींच आणावे, हातांत मोजे घालून. पोरांच्या हातीं पाठवूं नये, आणि चुलींत कांहीं घालूं नये. बियाण्याचे, रॉकेलचे, पाण्याचे म्हणून जे धरून ठेवले असतील तेही आणावे. सरपंचांनीं कृषि अधिकाऱ्यांना बोलाविलें आहे. भोंकें पाडून ते कोठें न्यावयाचे तें ते सांगतील. पहिला डबा आमच्या पडवींतला आहे. त्यांतलें बियाणें आम्हीं मागेंच फेकून दिलें, पण डबा फेकवला नव्हता. पत्रा चांगला आहे, म्हणून.